पाणी ओसरल्यानंतरचे सहा आठवडे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा मुंबईकरांना पाठ आहे. त्यानंतरच्या आठवड्यांत शहरात काय झालं, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात नाही. पाणी उतरलं, गाड्या सुरू झाल्या, आणि मग रुग्णालयांत तापाचे रुग्ण येऊ लागले. अंग मोडून आलेलं, पोटऱ्यांत ठणका, डोळे लाल, काहींना कावीळ, काहींची लघवी बंद. ती लेप्टोस्पायरोसिसची साथ होती. उंदरांच्या आणि गुराढोरांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात येतात आणि तुंबलेल्या पाण्यातून चालणाऱ्याच्या पायावरच्या साध्या ओरखड्यातून शरीरात शिरतात. तिथून ताप चढेपर्यंत साधारण पाच ते चौदा दिवस जातात. सगळी मेख या मधल्या दिवसांत आहे. पाण्यातून चाललेल्या माणसाने चोवीस ते बहात्तर तासांच्या आत डॉक्सीसायक्लिन घेतलं, तर आजार टळण्याची किंवा सौम्य राहण्याची शक्यता वाढते. मुंबई महापालिका आता दर पावसाळ्यात तसं आवाहन करते. पण गोळ्यांची खोकी औषधभांडारात असून भागत नाही. कोण किती वेळ पाण्यात होतं, कुणाच्या पायाला जखम आहे, कोणती बाई गरोदर आहे, कोणतं मूल आठ वर्षांखालचं आहे (या दोघांना डॉक्सीसायक्लिन देत नाहीत, त्यांच्यासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन असतं), हे तीन दिवसांत दारोदार जाऊन कळायला हवं. ते काम शहराबाहेरून आलेलं पथक करू शकत नाही. ज्या बाईला गल्लीतलं प्रत्येक दार ठाऊक आहे, तीच ते करू शकते.

आपत्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नारिंगी गणवेशातले जवान आणि रबरी बोटी येतात. त्यांचं काम मोलाचं आहे, त्याबद्दल दुमत नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी तळेगावजवळ सुदुंबऱ्याला असते आणि महाराष्ट्रातल्या अनेक मोठ्या दुर्घटनांत ती धावून गेली आहे. पण अंतराचं आणि वेळेचं गणित कुणालाच चुकत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचाव पथकं भर पावसात, निसरड्या पायवाटेने डोंगर चढून वर गेली, आणि मोठी यंत्रं वर नेता आली नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी साडेसत्तावन्न फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. शिरोळ तालुक्यात, पलूस-मिरज भागात गावंच्या गावं कित्येक दिवस पाण्याने वेढलेली होती. बोटी आल्या, माणसं निघाली, आणि पाणी उतरल्यावर बोटी पुढच्या मोहिमेवर गेल्या. ते योग्यच आहे, त्यांचं काम तेच. पण त्यानंतर कुजलेल्या जनावरांचा वास, चिखलाने भरलेल्या विहिरी, भिजलेली औषधं, बंद पडलेल्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या, अडगळीत शिरलेले साप आणि छावणीतून परतलेली खोकती मुलं, हे सगळं गावात उरतं. त्याला तोंड द्यायला आशा ताई, आरोग्य सेविका, आरोग्य सेवक आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, एवढीच फौज असते. या फौजेची तयारी करण्यात आपण कमी पडतो आहोत. आणि त्याचं मुख्य कारण पैशाइतकंच प्रशिक्षणाच्या रीतीतही आहे.

ही तयारी म्हणजे नेमकं काय, ते एका विहिरीवरून पाहू. विहिरीत पुराचं पाणी शिरलं की आधी ते उपसावं लागतं आणि नंतर टीसीएल पावडरने, म्हणजे ब्लीचिंग पावडरने, विहीर निर्जंतुक करावी लागते. ‘पावडर टाकली’ असं आपण सहज म्हणतो, पण पावडर टाकायची नसते. आधी विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली दोरीने मोजायची. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे अठ्ठावीस हजार लिटर होतं. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर धरली तर सत्तर ग्रॅम लागते. पण ही ‘चांगली’ पावडर म्हणजे जिच्यात क्लोरीन शाबूत आहे ती. ताज्या पावडरीत सुमारे तेहतीस टक्के क्लोरीन असतो. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं ठेवलेल्या पोत्यात दमट हवेने तो झपाट्याने उडतो, आणि पोतं भरलेलं दिसलं तरी आत नुसता चुना उरतो. शिवाय पुराच्या गढूळ पाण्याला नेहमीपेक्षा जास्त क्लोरीन लागतो, म्हणून मात्रा तपासून ठरवावी लागते. मग पावडर बादलीत घेऊन थोड्या पाण्यात तिचा पातळ लगदा करायचा, बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायचं, पाच-दहा मिनिटं निवळू द्यायचं. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायची आणि तळाचा चुना फेकून द्यायचा; तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून जोरात वर-खाली करायची, म्हणजे औषध तळापर्यंत पोहोचतं. तासभर कुणाला पाणी भरू द्यायचं नाही. त्यानंतर पाण्यात क्लोरीन उरला का ते पाहणारी ओटी टेस्ट: नळीतल्या पाण्यात द्रावणाचा थेंब टाकला की पिवळा रंग यायला हवा. रंग आला नाही तर सगळं पुन्हा.

हे लिहायला दहा ओळी लागल्या, वाचायला एक मिनिट. पण ऐकून आलेल्या माणसाला पहाटे पाच वाजता, घरी पाणी शिरलेलं असताना, अंगणात जमलेल्या लोकांच्या घाईत ते हातून नीट होईल का, हा प्रश्न आहे. तळाचा चुना फेकायचा असतो हे वहीत लिहिलेलं असतं. हाताला ते माहीत नसतं. सर्पदंशाचंही तसंच. विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडली की नाही हे पाहायची एक साधी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येते: दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, आणि नळी तिरकी करून रक्त गोठलं का ते बघायचं. पण नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर उत्तर चुकतं, आणि प्रतिविष द्यायचं की नाही हा निर्णयही चुकतो. पूर आला की बिळं भरतात आणि साप घरांत शिरतात. त्या रात्री नवी काचेची नळी कोणत्या कपाटात आहे, हे माहीत असणं म्हणजेच आपत्तीची तयारी. मोठ्या शब्दांच्या मागे अशा छोट्या गोष्टी असतात, आणि जीव त्या छोट्या गोष्टींवर जातो किंवा राहतो.

प्रशिक्षणं होतच नाहीत असं नाही. पुण्याच्या यशदा या सरकारी प्रशिक्षण संस्थेत आपत्ती व्यवस्थापनाचं स्वतंत्र केंद्र आहे, कोल्हापूर-नाशिकसारख्या ठिकाणी आरोग्य खात्याची प्रशिक्षण केंद्रं आहेत. अडचण रीतीची आहे. सर्वसाधारण पद्धत अशी: वर्षातून एकदा, बहुधा मेच्या अखेरीस, सभागृहात शंभर जणी बसतात. पडद्यावर सरकचित्रं येतात, आपत्तीची व्याख्या, आपत्तीचे प्रकार, कायद्याची कलमं. दुपारी जेवण, हजेरीपटावर सही, आणि ‘प्रशिक्षित’ या रकान्यात शंभराचा आकडा. हा आकडा वर जातो आणि सगळ्यांना खरा वाटतो. हृदयक्रिया बंद पडल्यावर छाती दाबण्याचं जे शिक्षण देतात, त्यावर जगभर पुष्कळ अभ्यास झाले आहेत, आणि त्यांतले बहुतेक एकच सांगतात: हातातलं कसब तीन ते सहा महिन्यांत ओसरू लागतं. मेमध्ये शिकलेलं ऑक्टोबरच्या परतीच्या पावसापर्यंत पुरत नाही.

याला पर्याय आहे, आणि तो फार खर्चिकही नाही. टांझानियातल्या हायडम या ग्रामीण रुग्णालयात नवजात बाळाचा श्वास सुरू करण्याचं एक दिवसाचं प्रशिक्षण सगळ्या सुईणींना आणि परिचारिकांना दिलं गेलं. परीक्षेत, बाहुलीवर, त्यांचं काम चांगलं सुधारलं. प्रत्यक्ष प्रसूतिकक्षात मात्र काहीच बदललं नाही. मग रुग्णालयाने रीत बदलली. तीच बाहुली प्रसूतिकक्षात ठेवली आणि रोजच्या कामातच अगदी थोडा वेळ, पण पुन्हा पुन्हा सराव सुरू केला. जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांतले बालमृत्यू हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. माणसं तीच, बाहुली तीच, फक्त शिकण्याची जागा आणि वारंवारता बदलली. हा अभ्यास आपत्तीचा नाही, हे मान्य. पण घाबरलेल्या क्षणी हाताने बरोबर काम करणं हीच तर आपत्तीतली गरज आहे, आणि ते कसं शिकतात याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

आपल्याकडे यासाठी नवीन सभागृह बांधायला नको. आशांची आणि सेविकांची दर महिन्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात बैठक होतेच. त्यातला अर्धा तास द्यावा. फरशीवर खडूने केंद्राच्या कार्यक्षेत्राचा नकाशा काढावा: नदी, पूल, उपकेंद्रं, वाड्या. मग वैद्यकीय अधिकाऱ्याने सांगावं, ‘पहाटे चार वाजता पूल पाण्याखाली गेला. पलीकडच्या वाडीत नववा महिना लागलेली एक बाई आहे. केंद्रातली वीज गेली आहे. एका म्हाताऱ्याची डायलिसिसची वेळ उद्या आहे. कोण काय करणार?’ पाच मिनिटांत कळतं की पलीकडच्या गरोदर बाईला आदल्या आठवड्यातच अलीकडे आणायला हवं होतं. आदिवासी भागातल्या ‘माहेरघर’ योजनेत अगदी हेच करतात, बाळंतपणाआधी काही दिवस बाईला केंद्राजवळ आणून ठेवतात. पूरप्रवण गावांनी ते उचलायला काय हरकत आहे? मग कळतं की लसींच्या शीतपेटीला जनित्र आहे, पण डिझेल कुणाच्या जबाबदारीचं ते ठरलेलं नाही. पुढच्या महिन्यात अर्धा तास विहिरीवर, त्यापुढच्या महिन्यात काचेच्या नळीवर. जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात फोन क्रमांकांच्या लांबलचक याद्या असतात. खडूच्या या नकाशासमोर बसलं की त्यातले किती क्रमांक लागतात, तेही समजतं.

यावर पहिला आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे. आशा ताईवर आधीच किती ओझं टाकायचं? हजार लोकसंख्येमागे एक आशा, असा हिशोब २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा केला गेला. लसीकरणाला बोलवणं, गरोदर बाईला दवाखान्यात नेणं, इथून सुरू झालेलं काम क्षयरोग, कुष्ठरोग, सर्वेक्षणं, मोबाइलवरच्या नोंदी असं वाढत गेलं. कोविडच्या काळात घरोघरी ताप मोजत फिरणाऱ्याही त्याच होत्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला, आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संप करून मुंबईच्या आझाद मैदानावर बसावं लागलं. तेव्हा आपत्तीचं प्रशिक्षण म्हणून त्यांच्या डोक्यावर आणखी एक बोजा द्यावा, असं इथे कुणी सुचवत नाही. सरावाचा अर्धा तास हा कामाचाच वेळ धरावा आणि त्याचे पैसे द्यावेत. पूरकाळातल्या कामाचा मोबदला प्रति नग न ठरवता दिवसाच्या हिशोबाने ठरवावा. त्यांच्या नोंदवह्यांतली निम्मी दुहेरी नोंद काढून टाकली तर हा अर्धा तास मोकळा होतो, हे त्या स्वतः सांगतील. फुकट मिळणाऱ्या निष्ठेवर आपत्तीची व्यवस्था उभी राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. डॉक्टरांची पदं रिकामी, औषधांचा तुटवडा, पुलाला कठडे नाहीत. अशा ठिकाणी प्रशिक्षणाने काय होणार? प्रशिक्षणाचं नाव पुढे करून सरकार खऱ्या गरजांतून सुटका करून घेतं, असाही संशय यात असतो आणि अनुभवाने तो पक्का झालेला असतो. पण वर सांगितलेला सराव त्या गरजा झाकत नाही, उघड्या पाडतो. पावडरीच्या पोत्यात क्लोरीन उरलेला नाही हे भाषणात कधीच कळत नाही. मेच्या सरावात ओटी टेस्टच्या नळीत पिवळा रंग येत नाही, तेव्हा कळतं, आणि नवीन पोतं मागवायला अजून पंधरा दिवस हातात असतात. प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत, रुग्णवाहिका १०८ ला फोन केल्यावर कोणत्या रस्त्याने येणार, रिक्त पदाच्या जागी कोण सही करणार, हे प्रश्न प्रत्यक्ष करून बघताना निघतात आणि लेखी नोंदीत जातात. सरावाचा अहवाल ‘यशस्वी’ या एका शब्दात संपत असेल तर तो सराव झालाच नाही, असं समजावं.

आपत्ती रोज थोड्याच येतात, असंही म्हटलं जातं. किल्लारीचा भूकंप १९९३ मध्ये झाला, तसा पुन्हा झाला नाही. मग दर महिन्याची ही उठाठेव कशाला? पण विहीर दर पावसाळ्यात निर्जंतुक करावी लागते, साप दर वर्षी चावतात, आणि ऊन तर आता मार्चपासूनच माणसं पाडतं. उष्णतेचं उदाहरण मुद्दाम घेतो, कारण तिथे हिशोब झालेला आहे. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये शहराने देशातली पहिली उष्णता कृती योजना आणली: आधी इशारा देण्याची व्यवस्था, लोकांना माहिती, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना उष्माघात ओळखून जागच्या जागी शरीर थंड करायला शिकवणं. पुढे अभ्यासकांनी ताळा केला तेव्हा वर्षाला सरासरी ११९० मृत्यू टळले असावेत असा अंदाज निघाला. यातला किती वाटा प्रशिक्षणाचा आणि किती इशाऱ्यांचा, हे वेगळं काढता येत नाही. पण इशारा मिळूनही दवाखान्यातल्या माणसाने उष्माघाताच्या रुग्णाला साधा ताप समजून गोळी देऊन घरी पाठवलं, तर तो इशारा वाया जातो, एवढं नक्की.

शिकवण्यात एक भाग सहसा विसरला जातो, तो म्हणजे कर्मचाऱ्याचा स्वतःचा जीव. केरळमध्ये मे २०१८ मध्ये कोळिकोडला निपाह आला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने निदान पक्कं केलं, पण तोवर विषाणू दवाखान्याच्या वॉर्डांतून आणि रांगांतून पसरला होता. बहुतेक रुग्णांना लागण रुग्णालयातच झाली. पहिल्या रुग्णाची शुश्रूषा करणारी परिचारिका लिनी पुदुश्शेरी त्यात गेली. पुढच्या वर्षी एर्नाकुलममध्ये पुन्हा एक रुग्ण सापडला, आणि तो एकच राहिला, बराही झाला. मधल्या वर्षात केरळने रुग्णालयांत संसर्ग रोखण्याची शिस्त बसवण्यावर, संशयित रुग्ण लगेच वेगळा ठेवण्यावर आणि संपर्क शोधण्यावर खूप मेहनत घेतली होती. एका उदाहरणावरून नियम काढू नये, पहिल्या आणि दुसऱ्या वेळची परिस्थिती सारखी नव्हती. तरीही हातमोजे कसे घालायचे यापेक्षा ते कसे काढायचे हे जास्त वेळा करून घ्यावं लागतं, हे संसर्गाचं काम करणारा कुणीही सांगेल. लागण बऱ्याचदा काढतानाच होते.

मनाच्या जखमांबद्दल दोन वाक्यं पुरेशी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेचा सल्ला साधा आहे: आधी सुरक्षितता, पाणी, घरच्यांचा ठावठिकाणा, मग माणूस बोलला तर ऐकणं, आणि काय झालं ते पुन्हा पुन्हा सांगायला त्याला भाग न पाडणं. आणि पुरात सापडलेल्या मृतदेहांमुळे साथ पसरते ही समजूत बहुतेक वेळा चुकीची असते, हेही कर्मचाऱ्यांना शिकवायला हवं, कारण त्या भीतीपोटी ओळख न पटवता घाईने अंत्यसंस्कार होतात आणि नातलगांना आयुष्यभराची हळहळ लागते.

अधिकाराचा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. आशा ताईने तीन दिवसांत घरोघरी डॉक्सीसायक्लिन द्यायचं तर ते कुणाच्या परवानगीने? डॉक्टर पुलाच्या पलीकडे अडकला असेल तर ती वाट पाहत बसते, आणि ती चूक तिची नसते. म्हणून वैद्यकीय अधिकाऱ्याच्या सहीचा लेखी आदेश पावसाआधीच तिच्या हातात असायला हवा: कुणाला किती गोळ्या, कुणाला अजिबात नाही, कोणती लक्षणं दिसली की वाट न पाहता पुढे पाठवायचं. डॉक्टरी तिच्या गळ्यात मारली जाते, अशी शंका काही जण घेतील. पण यात निर्णय डॉक्टरचाच आहे, फक्त तो आधी घेऊन ठेवलेला आहे.

आणि या साऱ्या तयारीत एक गोष्ट अजून कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. सुदुंबऱ्याहून येणाऱ्या जवानाचं घर सुदुंबऱ्यात कोरडं असतं. शिरोळमधल्या सेविकेचं घर त्याच पाण्यात असतं. तिची सासू, तिची मुलं, तिची म्हैस, तिच्या कपाटातली नोंदवही. मेच्या बैठकीत खडूने वाड्या आणि उपकेंद्रं काढून झाली की नकाशावर एक खूण तिच्या घरावरही करावी, आणि त्या घरातली माणसं पहिल्या बोटीने कुठे नेऊन ठेवायची ते नावानिशी लिहून ठेवावं. म्हणजे पाणी अंगणात आलं तरी ती गोळ्यांची पिशवी घेऊन बाहेर पडू शकेल.